हवास्साचे साडेसातशे बिर : इथिओपियाच्या वाढीचं एक प्रकरण

इथिओपियात घड्याळ उजाडण्यापासून मोजतात. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे एक वाजतो. हवास्सा या दक्षिणेतल्या शहरात 2018 च्या सुमारास हा 'एक' वाजायच्या आसपास औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर हजारो तरुण मुली जमायच्या. बहुतेक जणी आसपासच्या सिदामा भागातल्या खेड्यांतून आलेल्या. बऱ्याच जणींच्या घरात महिन्याच्या महिन्याला रोख पगार आणणारी ही पहिलीच व्यक्ती. आत शेडमध्ये शिलाई मशीनच्या ओळी, आणि तिथे शिवलेला माल ट्रकने जिबुती बंदराकडे आणि तिथून जहाजाने अमेरिकेला, युरोपला.

मी वस्त्रोद्योगाचं अर्थकारण शिकवते. आफ्रिकेतल्या वेगाने वाढणाऱ्या देशांचा विषय निघाला की मुलं आधी वाढीचा दर सांगतात. 2004 पासून पुढची सुमारे दीड दशकं इथिओपियाचा अधिकृत वाढीचा दर सरासरी दहा टक्क्यांच्या घरात होता, हे त्यांना पाठ असतं. मला मात्र या फाटकापाशी थांबावंसं वाटतं. त्या दहा टक्क्यांचं पुढे काय होणार, हे इथे ठरायचं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1984-85 च्या दुष्काळाने ज्या देशाची ओळख जगभर उपासमारीशी जोडली गेली, तो हाच देश. 1991 मध्ये लष्करी राजवट उलथून ईपीआरडीएफ ही आघाडी सत्तेवर आली आणि मेलेस झेनावी यांच्या हाती सूत्रं गेली. 2012 मध्ये ते वारले, पण त्यांची पद्धत पुढेही चालू राहिली. बँका, टेलिफोन, विमानकंपनी, जमीन, सगळं सरकारच्या ताब्यात ठेवायचं आणि मिळेल तो पैसा रस्ते, धरणं, शाळा, आरोग्यकेंद्रांत ओतायचा, अशी ती पद्धत. परिणाम खरे होते. राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालचे लोक 2000 मध्ये 45 टक्क्यांच्या वर होते, ते 2016 पर्यंत 24 टक्क्यांच्या खाली आले. 2015 मध्ये अदिस अबाबात शहरी रेल्वे धावायला लागली. पुढच्याच वर्षी अदिस ते जिबुती हा सुमारे 750 किलोमीटरचा विजेवरचा लोहमार्ग चिनी कर्जातून उभा राहिला. त्याच डिसेंबरात ओमो नदीवरच्या 1,870 मेगावॅटच्या तिसऱ्या गिबे धरणाचं उद्घाटन झालं. हे सगळं कागदावरचं म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. दुष्काळात गाव सोडून चालत निघालेल्या माणसांच्या नातवंडांना वीज आणि शाळा मिळाली, ही लहान गोष्ट नाही.

पण सिमेंट सोडलं तर यातलं बरंचसं सामान, रेल्वेचे डबे, टर्बाइन, यंत्रं, इंधन, डॉलर मोजून बाहेरून येत होतं. आणि देशाची मालाची निर्यात वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या आत अडकलेली, तर आयात पंधरा अब्जांच्या वर. कॉफी, तीळ, गुलाबाची फुलं, थोडं सोनं, कातडी, एवढ्यावर ही दरी भरत नव्हती. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे, मदत आणि कर्ज यांवर गाडी चालत होती. घेतलेलं कर्ज डॉलरमध्ये फेडायचं, तर डॉलर कमावणारं काहीतरी उभं करायलाच हवं होतं.

पैसा आणि शेड

डिसेंबर 2014 मध्ये इथिओपियाने पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकले. एक अब्ज डॉलर, दहा वर्षांची मुदत, 6.625 टक्के व्याज. साखर कारखाने, वीजवाहिन्या आणि औद्योगिक वसाहती यांसाठी हा पैसा, असं गुंतवणूकदारांना सांगितलं होतं. वर्षातून दोनदा सुमारे 33 दशलक्ष डॉलर व्याजाचा हप्ता. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

हवास्साची वसाहत जुलै 2016 मध्ये सुरू झाली. बांधकाम एका चिनी सरकारी कंपनीने जेमतेम नऊ महिन्यांत उरकलं, खर्च पाव अब्ज डॉलरच्या आसपास. योजनेमागचं डोकं होतं आर्केबे ओकुबे यांचं. अदिस अबाबाचे माजी महापौर, पंतप्रधानांचे विशेष सल्लागार, आणि चीन, कोरिया, व्हिएतनामचा औद्योगिक इतिहास बारकाईने अभ्यासलेला माणूस. त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. गुंतवणूकदाराला जमीन, पाणी, वीज, जकातीचे कागद यांसाठी दहा दारं फिरवलं तर तो येत नाही. म्हणून हवास्सात शेड तयार, वीज तयार, बँक, जकात कार्यालय आणि परवान्याची खिडकी आवारातच. केल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगर हे ब्रँड ज्या अमेरिकी कंपनीचे, ती पीव्हीएच सुरुवातीपासून सोबत होती. तिने आपल्या पुरवठादारांनाही बरोबर आणलं. श्रीलंका, चीन, इंडोनेशियातले कारखानदार आले. आपल्याकडून रेमंड समूहाच्या सिल्व्हर स्पार्क या कंपनीने इथे सूट शिवायचा कारखाना काढला.

सांडपाण्याची व्यवस्था मला विशेष वाटते. शहराला लागून असलेल्या हवास्सा सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. त्यात जे जाईल ते तिथेच साठणार. त्यामुळे रंगाई-धुलाईचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारी, बाहेर थेंबही न सोडणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून बसवली होती. अहमदाबादच्या अरविंद समूहाच्या कंपनीने ती उभी केली. रंगाई-छपाईच्या पाण्याने आपल्या नद्यांचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. एक गरीब देश कारखान्याआधी सांडपाण्याचा विचार करतो, याचं मला मनापासून कौतुक आहे.

माल जवळजवळ जकातमुक्त जायचा. अमेरिकेचा मे 2000 चा अगोआ हा कायदा आफ्रिकेतल्या पात्र देशांच्या मालाला शुल्क माफ करण्यासाठी केलेला. कपड्यांच्या बाबतीत त्यात आणखी एक सवलत होती. कापड कुठल्याही देशातून आणा, शिवण इथे झाली की पुरे. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर अमेरिकेत एरवी 32 टक्क्यांपर्यंत शुल्क लागायचं. ते शून्य होणं म्हणजे जिबुतीपर्यंतचा ट्रकचा खर्च आणि उशीर, सगळं भरून निघणं. कारण इथिओपियाला समुद्र नाही. 1993 मध्ये एरिट्रिया वेगळा झाला, किनारा गेला, आणि तेव्हापासून देशाचा बहुतेक व्यापार एका शेजाऱ्याच्या एका बंदरातून चालतो.

साडेसातशे

आता पगार. 2019 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्राने हवास्सावर अहवाल काढला, तेव्हा वसाहतीत सुमारे 25,000 कामगार होते. उद्दिष्ट होतं 60,000. नव्या कामगाराचा मूळ पगार महिन्याला साडेसातशे बिर (बिर हे इथिओपियाचं चलन), म्हणजे 26 डॉलर. त्याच सुमारास बांगलादेशातला किमान पगार 95 डॉलर होता. खासगी क्षेत्रासाठी किमान वेतनाचा कायदा इथिओपियात नव्हता, आणि जगातली सर्वांत स्वस्त मजुरी ही जाहिरात सरकार स्वतःच करत होतं.

साडेसातशे बिरमध्ये एकटीला शहरात खोली घेता येत नाही. चौघीजणी मिळून एक खोली घेत, जमिनीवर पथाऱ्या. गिरणगावातल्या खोल्यांच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत त्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल. फरक एवढा, की गिरणीकामगार कमाईतून काहीतरी गावाला पाठवू शकत होता. हवास्सातल्या अनेक मुलींचा पगार त्यांना स्वतःलाच पुरत नव्हता.

त्या सोडून काय आल्या होत्या, तेही पाहायला हवं. सिदामा म्हणजे एन्सेटचा मुलूख. केळीसारखं दिसणारं हे झाड घराभोवती लावतात, पण खातात त्याचा बुंधा आणि कंद. बायका बांबूच्या पट्टीने बुंधा खरवडतात, लगदा पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरतात, आणि तो काही महिने आंबला की त्याची भाकरी करतात. तिला कोचो म्हणतात. पाऊस चुकला तरी एन्सेट तग धरतं. म्हणजे गावाकडे हातात पैसा नाही, पण चुलीवर काहीतरी आहे. अशा घरातली मुलगी कारखान्यात येते तेव्हा तिच्याकडे परत जायची वाट असते. ती ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची भूमिहीन मजूर नाही, की फोरमन म्हणेल ते सोसेल.

आणि त्या परत गेल्याच. पहिल्या वर्षभरात कारखान्यांत कामगार बदलण्याचं प्रमाण त्या अहवालानुसार शंभर टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे सरासरीने पाहिलं तर वर्षात सगळी माणसं नवी. हवास्साच्या आधीचा एक पुरावाही हेच सांगत होता. क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डर्कॉन या अर्थतज्ज्ञांनी इथिओपियातल्या पाच कारखान्यांत सुमारे हजार अर्जदारांवर प्रयोग केला होता. चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी दिली, काहींना नाही. नोकरी मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश महिन्याभरात सोडून गेले आणि वर्षअखेर तीन चतुर्थांशांहून अधिक. बाहेर राहून भाजी विकणारे, शेतावर राबणारे साधारण तेवढंच कमावत होते, आणि कारखान्यात गेलेल्यांच्या तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या होत्या.

शिलाईच्या ओळीत हे कसं दिसतं? कॉलर बसवणारी मुलगी हात बसायला काही महिने घेते. ओळीत तीस-चाळीस मशीनं असतील तर प्रत्येकीचं काम पुढचीला जातं. कॉलरवाली सोडून गेली, नवी आली, की तिच्यापाशी अर्धवट शर्टांचा ढीग साठतो. पुढच्या मुली हात बांधून बसतात, मागच्या थांबतात. संध्याकाळी ओळीचं टार्गेट अर्ध्यावर. मग ओरडाआरडा, ओव्हरटाइम, आणि आणखी दोघी गावी. व्यवस्थापक सांगत की इथल्या मुलींना शिस्त नाही. मला ते पटत नाही. पहाटे उठून एन्सेट खरवडणाऱ्या मुलीला शिस्त शिकवायची नसते, तिला दुसऱ्या महिन्यात थांबावंसं वाटेल एवढा पगार द्यायचा असतो. 26 डॉलरची मजुरी कागदावर स्वस्त दिसत होती. दर शर्टामागे हिशेब केला, शिकवण्याचा खर्च, वाया गेलेला माल, चुकलेल्या तारखा धरल्या, तर ती तितकी स्वस्त उरत नव्हती.

माझ्या वर्गात इथे दरवेळी एक विद्यार्थी विचारतो, मग पगार दुप्पट का केला नाही? प्रश्न रास्त आहे. परदेशी खरेदीदार दर शर्टाला ठरलेला भाव देतो. जिबुतीपर्यंतची वाहतूक महाग. आणि कापड बाहेरचं. कपड्याच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा कापडाचा असतो, म्हणजे दहा डॉलरची निर्यात झाली तरी त्यातले पाच-सहा डॉलर आधीच चीनकडे गेलेले. देशात उरते ती मजुरी, वीज आणि शेडचं भाडं. मजुरी 26 डॉलर असेल तर उरतं अगदीच थोडं. डॉलर कमावण्यासाठी उभ्या केलेल्या वसाहतीत डॉलर थांबत नव्हते, आणि त्याचं एक कारण तो पगारच होता. स्वस्त मजुरी विकायची ठरवली की आपण स्वतःच आपल्या कमाईवर छत घालतो. सरकारी बोलण्यात कपड्यांच्या निर्यातीचं स्वप्न कधीकाळी 30 अब्ज डॉलरचं होतं. प्रत्यक्षात त्या काळात ती वर्षाला 15 कोटी डॉलरच्या आसपास होती.

जमेल तिथे कापडही देशात विणावं, अवाश खोऱ्यातला कापूस वापरावा, असा प्रयत्न झाला. आवारात कापडाची गिरणीही आली. पण गिरणीला सुटे भाग हवेत, रंग-रसायनं हवीत, त्यांना परकीय चलन हवं, आणि चलनासाठी बँकेत महिनोन्‌महिने रांग. निर्यातदाराला प्राधान्य होतं, तरी रांग होतीच. सरकारी हुंडणावळ एक आणि काळ्या बाजाराचा भाव दुसरा, अशी तऱ्हा असेल तेव्हा डॉलर बँकेत यायलाच नाखूश असतो.

2 नोव्हेंबर

2018 मध्ये अबी अहमद पंतप्रधान झाले. पुढच्या वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्याच 2019 च्या जुलैत सिदामा राज्याच्या मागणीवरून हवास्सात दंगल झाली. नोव्हेंबरात सार्वमत झालं, आणि 2020 मध्ये सिदामाला वेगळं राज्य मिळालं. मग कोविड. ऑर्डरी थांबल्या, मुलींना रजेवर घरी पाठवलं. काही शेडमध्ये मुखपट्ट्या शिवायला लागले. इतपत सगळं सोसण्यासारखं होतं.

4 नोव्हेंबर 2020 ला उत्तरेतल्या तिग्राय राज्यात केंद्र सरकार आणि तिथले सत्ताधारी यांच्यात युद्ध पेटलं. हवास्सा तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला. तिथे गोळी झाडली गेली नाही. वर्षभराने, 2 नोव्हेंबर 2021 ला, तिग्रायचं सैन्य राजधानीच्या दिशेने सरकत असताना सरकारने देशभर आणीबाणी जाहीर केली. आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी कळवलं की मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनामुळे इथिओपियाचा अगोआमधला समावेश 1 जानेवारी 2022 पासून संपतो आहे. तिग्रायमध्ये जे घडत होतं ते भयंकर होतं. उपासमार, बलात्कार, कत्तली, यांची दखल जगाने घ्यायलाच हवी होती. पण शुल्क बसलं ते हवास्सात शिवलेल्या शर्टावर. त्या मुलींनी ना युद्ध सुरू केलं होतं, ना ते थांबवणं त्यांच्या हातात होतं.

पीव्हीएचने त्याच महिन्यात आपला तिथला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. हळूहळू इतरही निघाले किंवा आकुंचले. बरोबर एक वर्षाने, 2 नोव्हेंबर 2022 ला, प्रिटोरियात शांततेचा करार झाला. बंदुका थांबल्या, पण अगोआ परत मिळालं नाही.

इथिओपियातले अनेक अधिकारी सांगतात की चांगलं चाललेलं काम अमेरिकेने मोडलं. शेवटचा घाव तिथून बसला, हे उघड आहे. पण एका ग्राहक-देशाच्या एका सहीने पडणारी इमारत आधीच किती खांबांवर उभी होती, हा प्रश्न मी विचारेन. बांगलादेशात राना प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1,100 हून अधिक माणसं गेली, तरी उद्योग टिकला. कारण युरोपचे ग्राहक होते, स्वतःचं विणकाम होतं, आणि तीस वर्षं हात बसलेल्या लाखो बायका ओळीत होत्या. हवास्साकडे पाच वर्षं होती आणि त्या पाच वर्षांत मुली टिकल्या नाहीत. त्या टिकल्या असत्या, तर कदाचित काही कारखानदार युरोपची ऑर्डर धरून राहिले असते. हे माझं मत आहे, ते सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण पगाराकडे दुर्लक्ष करून या प्रकरणाचा अर्थ मला तरी लावता येत नाही.

हप्ता

डिसेंबर 2023. ज्या रोख्याचा पैसा औद्योगिक वसाहतींसाठी म्हणून उभा केला होता, त्याचा 33 दशलक्ष डॉलरचा व्याजाचा हप्ता आला, आणि इथिओपियाने तो भरला नाही. बारा कोटींच्या देशासाठी ही रक्कम मोठी नव्हती. इतर कर्जदात्यांशी कर्जफेरआखणीची बोलणी चालू असताना रोखेधारकांना वेगळी वागणूक द्यायची नाही, असं सरकारचं म्हणणं. पण तिजोरीही तळाला गेली होती.

29 जुलै 2024 ला बिर बाजारावर सोडून दिला. आदल्या दिवशी डॉलरला सुमारे 57 बिर पडत होते, दोन-तीन आठवड्यांत शंभरी ओलांडली, वर्षअखेर सव्वाशेच्या आसपास. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 3.4 अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. खाद्यतेल, इंधन, औषधं, आयातीचं सगळं महागलं. पगाराचे आकडे 2019 नंतर वाढले होते, पण जुने साडेसातशे बिर नव्या भावाने मोजले तर ते सहा डॉलर होतात. स्वस्त मजुरी आता आणखी स्वस्त झाली होती, आणि तिला विचारणारा अमेरिकी ग्राहक नव्हता.

डॉलर आले ते दुसरीकडून. भाव खुला झाल्यावर चोरवाटेने जाणारं सोनं केंद्रीय बँकेकडे यायला लागलं. 2024-25 च्या आर्थिक वर्षात निर्यातीत सोन्याने कॉफीला मागे टाकलं, आणि कॉफीनेही अडीच अब्ज डॉलरच्या वर विक्रमी कमाई केली. सप्टेंबर 2025 मध्ये निळ्या नाईलवरच्या मोठ्या धरणाचं उद्घाटन झालं. 5,150 मेगावॅट, आफ्रिकेतलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र. शिक्षक, कारकून, परदेशस्थ इथिओपियन, सगळ्यांनी रोखे घेऊन त्यात पैसा घातलेला. वाढीचा आकडा पुन्हा जोरात आहे.

हवास्साची वसाहत बंद पडलेली नाही. 2024 च्या नव्या कायद्याने अशा वसाहतींना विशेष आर्थिक क्षेत्राचं रूप देण्याचं धोरण आलं, आणि देशांतर्गत बाजारासाठी माल बनवायला आता मोकळीक आहे. सांडपाण्याची यंत्रणा आहे, वीज आधीपेक्षा मुबलक आहे, शेड शाबूत आहेत. सोनं खाणीतून येतं आणि कॉफी शेतातून, पण दरवर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या वीसेक लाख मुलामुलींपैकी त्या दोन्हींत सामावतील किती? म्हणून नवा कारखानदार फाटकातून आत आला की वीज किती बिरला आणि कर किती वर्षं माफ, याच्या आधी तो पहिल्या महिन्याचा पगार किती लिहितो, हे मी बघत राहणार आहे.